ऐंशी ग्रॅम कुठून आले?

"शेपटीला अजून दोन चिंध्या हव्यात," सेवारा म्हणाली.

"अजून दोन बांधल्यास तर पतंगाऐवजी आमच्या बुवीचं गाठोडं उडेल," एल्दोर म्हणाला. बुवी म्हणजे त्याची आजी. तिची गाठोडी साऱ्या गल्लीला ठाऊक होती.

वसंताची सुट्टी लागली होती. नवरोजचा सण होऊन दोन दिवस झाले होते आणि सेवाराच्या अंगणातला जर्दाळू फुलून पांढरा झाला होता. त्याच्याखालच्या लाकडी चौकीवर कागद, खळ, काड्या आणि चिंध्या यांचा नुसता बाजार मांडला होता. दुपारी कालव्याच्या बांधावर जायचं आणि पलीकडच्या गल्लीतल्या पोरांच्या पतंगांना पाणी पाजायचं, असा बेत होता. मुनिसा यायचीच तेवढी बाकी होती. मांजा तिच्याकडे होता.

फाटक वाजलं. पण आली ती मुनिसा नव्हती. सेवाराची थोरली बहीण ओयदीन आली. सकाळच्या दहा वाजता!

ओयदीन सहा वर्षं मोमिन उस्तांच्या कारखान्यात कुंभारकाम शिकत होती. उस्ता म्हणजे पक्का कारागीर आणि गुरू. सूर्य वर यायच्या आत जायची आणि कोपरापर्यंत माती घेऊन संध्याकाळी परतायची. हाताला कसला वास येतोय, ते सेवारा तिला रोज विचारायची. आज तिचे हात स्वच्छ होते. कामाचा एप्रन घडी घालून तिने काखेत धरला होता. दोघांकडे न बघता ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"ओपा, बरं नाही का तुम्हाला?" सेवाराने दारातूनच विचारलं. ओपा म्हणजे ताई. ताईने पांघरूण डोक्यावर ओढलं.

पाठोपाठ मुनिसा धापा टाकत आली. ती मोमिन उस्तांची नात, वय अकरा, आणि बातमी पोटात ठेवणं हा प्रकार तिला जन्मापासून जमलेला नव्हता. चौकीवर बसायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं.

झालं होतं ते असं. रिश्तान गावचे कुंभार हिरव्या-निळ्या झिलईसाठी हल्ली शहरातून रंगाची तयार पुडी आणतात. पण मोमिन उस्तांनी यंदा मनावर घेतलं, की आपल्या आजोबांसारखा रंग घरीच करायचा. त्यासाठी तांब्याची तार उघड्या वाडग्यात घालून भट्टीत ठेवायची. ती जळून काळी, ठिसूळ होते. मग ती कुटायची, दळायची आणि झिलईत मिसळायची. आजोबा हे सगळं मुठीच्या अंदाजाने करत. पण आता कारखान्यात नवा वजनकाटा आला होता आणि त्याचे मालक होते कोदिर अमाकी, म्हणजे उस्तांचे धाकटे भाऊ. अमाकी त्या काट्याला रोज मखमलीच्या फडक्याने पुसत. दिसेल ती वस्तू त्यावर ठेवत. एकदा म्हणे त्यांनी स्वतःची टोपीसुद्धा तोलली होती.

अमाकींनी ओयदीनला बरोबर चारशे ग्रॅम तार तोलून दिली. तिने ती भट्टीत लावली, काढली, आणि काळा झालेला माल परत आणून दिला. अमाकींनी तो काट्यावर ठेवला. चारशे ऐंशी.

"वाढलं?" एल्दोर म्हणाला. "मग चांगलंच झालं की."

"तुझ्या डोक्यात चिंध्याच आहेत," मुनिसा म्हणाली. "भट्टीतून निघालेलं काही वाढतं का कधी?"

रिश्तानमध्ये जन्मलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. सव्वा किलोचा कच्चा वाडगा भट्टीत गेला, की जेमतेम किलोभराचा होऊन बाहेर येतो. मधलं जे जातं त्याला तिथले कुंभार 'आगीचा हक्क' म्हणतात. आग आपला हक्क घेणारच, याबद्दल कोणाची तक्रार नसते. पण हक्क घ्यायचा सोडून आगीने उलट पदरचं घातलं, असं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. म्हणून अमाकींनी लगेच निकाल लावला. पोरीने त्यातलं थोडं तांबं काढून घेतलं, त्याच्या जागी काहीतरी काळी भुकटी भरली आणि भरताना हात सैल सुटला!

"आणि बोबो काय म्हणाले?" सेवाराने विचारलं. मुनिसाच्या आजोबांना ही पोरं बोबोच म्हणत.

मुनिसाने मान खाली घातली. "ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. 'भेसळ करणाऱ्याला मी पट्टा बांधणार नाही,' म्हणाले."

यानंतर पतंगाचं नाव कोणी काढलं नाही. येत्या रविवारी ओयदीनचा पट्टा होता. शिकणाऱ्याच्या कमरेला गावातल्या जुन्या कारागिरांसमक्ष उस्ता स्वतःच्या हाताने पट्टा बांधतो, आशीर्वाद देतो, आणि त्या दिवसापासून तो शिकणारा स्वतः उस्ता होतो. आपल्या वाडग्याच्या तळाशी आपली खूण करायला मोकळा होतो. सहा वर्षं ओयदीनने माती मळली, लाकडं वाहिली, दुसऱ्याच्या खुणेचे हजारो वाडगे रंगवले ते या एका दिवसासाठी. आईने भाताची कढईसुद्धा शेजाऱ्यांकडे सांगून ठेवली होती. आणि चोर ठरलेल्या मुलीला रिश्तानमधला दुसरा कोणता उस्ता दारात उभं करणार?

"आजपासून रविवारपर्यंत सहा दिवस आहेत," सेवारा म्हणाली. "ते ऐंशी ग्रॅम कुठून आले ते शोधायचं."

एल्दोरचा पहिला संशय काट्यावर होता. नवीन वस्तूंवर त्याचा मुळीच विश्वास नसे, कारण त्याची नवी सायकल तिसऱ्या दिवशी मोडली होती. दुपारी अमाकी जेवायला गेलेले बघून तिघं कारखान्याच्या कोठीत शिरली. एल्दोरने घरून साखरेचा किलोचा पुडा आणला होता. काट्यावर ठेवला. कागदासकट एक हजार चार. पुन्हा ठेवला. एक हजार चार. मग त्याने पुडा उलटा ठेवून पाहिला, जसं काही काट्याला तो ओळखू येणार नव्हता.

"काटा काय म्हणतोय?" मागून आवाज आला.

अमाकी दारात उभे होते. त्यांनी आधी काटा पुसला आणि मग तिघांना झाडलं. या काट्यावर दहा ग्रॅमचा दहावा भाग नव्हे, एका ग्रॅमचा दहावा भाग कळतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. काटा चुकत नाही, चुकतो तो माणूस, असंही सुनावलं. पोरं खाली मान घालून बाहेर आली. वाईट म्हणजे त्यांचं खरं होतं. काटा चोख होता.

दुसरा संशय भट्टीवर. वरून माती, राख असं काही वाडग्यात पडलं असेल का? भट्टी गॅसवर चालायची, तेव्हा राखेचा प्रश्नच नव्हता. मुनिसा गार भट्टीत डोकं घालून छतावर हात फिरवून आली. तिच्या हाताला चिमूटभर भुगा लागला. ऐंशी ग्रॅम म्हणजे चांगली मूठभर. तोही मार्ग खुंटला.

संध्याकाळी सेवाराने सातवीचं रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं. ओपाच्या बाजूने त्यात काहीतरी असेलच अशी तिची खात्री होती. तिला हवं होतं ते पान सापडलंही, पण ते ओपाच्या बाजूने नव्हतं. रासायनिक बदलात वस्तुमान कमी होत नाही आणि वाढतही नाही, असं तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं. जेवढं आधी, तेवढंच नंतर.

म्हणजे चारशेचे चारशेच राहायला हवे होते. चारशे ऐंशी झाले याचा अर्थ कोणीतरी त्यात काहीतरी घातलं होतं. आणि वाडग्याला हात लागला होता एकाच माणसाचा.

आईने तिच्या हाती ओपासाठी चहा दिला. सेवाराने तो ओपाच्या उशाशी ठेवला, पण तिच्या तोंडाकडे बघायचं तिला धाडस झालं नाही. "बस ना जरा," ओपा म्हणाली. सेवारा अभ्यास आहे म्हणून सटकली. सुट्टीत कसला अभ्यास? त्या संध्याकाळी सेवाराइतकं दुःखी कोणी त्या गल्लीत नसेल.

मंगळवारी सकाळी ती एल्दोरकडे गेली तेव्हा तो अंगणात बसून काळी ठिक्कर कढई घासत होता. विचारल्याशिवाय साखरेचा पुडा पळवल्याबद्दल बुवीने सुनावलेली शिक्षा ती. मुनिसा शेजारी बसून घासण्याच्या सूचना देत होती.

"ही घासणी बघा," एल्दोर कुरकुरला. "बुवी, भांडी घासायची की रंगवायची हिने?"

लोखंडी तारेची ती घासणी तांबडी झाली होती. दाबली की तांबडी पूड खाली पडायची. बुवी कट्ट्यावरून म्हणाली, की शुक्रवारी नवी कोरी आणली होती, ओली राहिली की हे असं होतं, कुठून येतो हा मेला गंज कोण जाणे.

सेवारा जागच्या जागी थांबली.

"बुवी, तुम्ही काय म्हणालात?"

"गंज म्हटलं, बाळ. कुठून येतो कोण जाणे, असं म्हटलं."

"मला माहीत आहे कुठून येतो," सेवारा म्हणाली आणि कढईपाशी बसून तिने घासणी हातात घेतली. पुस्तकात तो धडा दोनच पानं पुढे होता. बाईंनी फळ्यावर लिहूनही दिलं होतं आणि तिने सुंदर अक्षरात उतरवूनही घेतलं होतं. लोखंड हवेतला प्राणवायू घेतं, त्याचा गंज होतो. तांबं तापलं की तेही प्राणवायू घेतं आणि काळं पडतं. परीक्षेत तिला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. पण हवेलाही वजन असतं, आणि ते वाडग्यातल्या तांब्याला जाऊन चिकटतं, हे मात्र तिच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"तांब्यात भेसळ झालीय हे बोबोंचं बरोबरच आहे," ती म्हणाली. "फक्त ती ओपांनी केलेली नाही. हवेने केलीय."

एल्दोरने हात पुसले. "हे अमाकींना सांग. ते हवेवर चोरीचा आळ घेतील."

सांगून पटणार नव्हतं, हे खरंच होतं. दाखवावं लागणार होतं. आणि ते दाखवताना मध्ये ओयदीनचा, सेवाराचा, कोणाकोणाचा हात असून चालणार नव्हतं. नाहीतर अमाकी म्हणाले असते, पोरींनी मिळून भुकटी घातली. त्यावर युक्ती निघाली ती मुनिसाच्या डोक्यातून. आपल्या चुलत आजोबांना ती चांगली ओळखून होती.

ती सरळ कोठीत गेली आणि निरागस चेहरा करून म्हणाली, "अमाकी, ती सेवारा गावभर सांगत सुटलीय, की भट्टीतून काढलेला माल ठेवला की तुमचा काटा वेड्यासारखं दाखवतो."

अमाकींचा चेहरा लाल झाला. माझा काटा? वेड्यासारखं? मुनिसाने हळूच सुचवलं, की एकदा सगळ्यांच्या देखत तोलून तिचं तोंड बंद का करू नये. बुधवारी भट्टी लागणारच आहे. तांब्याची तार तुम्हीच तोला, तुम्हीच ठेवा, तुम्हीच काढा.

"मीच करणार!" अमाकी म्हणाले. "कोणाची सावली पडू देणार नाही वाडग्यावर."

पोरांना नेमकं हेच हवं होतं.

अमाकींनी शंभर-शंभर ग्रॅम तारेचे दोन भाग केले. सेवाराच्या म्हणण्याप्रमाणे एक भाग उघड्या वाडग्यात ठेवायचा होता. दुसरा मातीच्या एका लहान कुलडीत ठासून भरायचा, आणि झाकण ओल्या मातीने गच्च लिंपून टाकायचं. हे दुसरं कशाला, असं अमाकींनी विचारलं. "काट्याची डबल परीक्षा," एल्दोर गंभीरपणे म्हणाला. अमाकींना ते पटलं. दोन्ही भांड्यांच्या बुडाला त्यांनी स्वतः खूण केली आणि कोणाची तरी सावली पडली म्हणून एल्दोरला दोनदा मागे ढकललं.

आता राहिली ती हवा. ती पकडायची कशात? इथे बुवी उपयोगी पडली. रिश्तानमधल्या प्रत्येक घरासारखी तिच्याकडेही टोमॅटो भरायची तीन लिटरची काचेची बरणी होती, आणि पत्र्याचं झाकण बरणीवर वळवून घट्ट बसवायचं हातयंत्र होतं. अशी बरणी एकदा बंद झाली, की टोमॅटो दोन हिवाळे टिकतो. मुंगीच्या श्वासाइतकी हवा आत जात नाही. पण भर वसंतात बरणी? आणि आत काय, घासण्या? बुवीने डोक्याला हात लावला. शेवटी सुट्टी संपेपर्यंत घरातली सगळी कढया-भांडी एल्दोर घासेल, या अटीवर सौदा ठरला. एल्दोरने मैत्रीसाठी केलेला हा सर्वांत मोठा त्याग होता आणि तो ते पुढे वर्षभर ऐकवत राहिला.

गंज लवकर चढावा म्हणून पाच नव्या घासण्या व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून, मिठाच्या पाण्यात ओल्या करून बरणीत टाकल्या. बुवीने यंत्र फिरवून झाकण बसवलं. तिघांनी बरणी लहान बाळासारखी कारखान्यात नेली. ही काट्याची तिसरी परीक्षा म्हटल्यावर अमाकींनी ती तोलली. एक हजार तीनशे शेहेचाळीस पूर्णांक दोन ग्रॅम. त्यांनी तो आकडा झाकणावर शाईने लिहिला, खाली सही ठोकली, बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

"आणि वजन वाढलंच नाही तर?" घरी जाताना एल्दोरने विचारलं.

सेवारा भराभर चालू लागली. तिच्याही मनात तेच होतं. शंभराचे शंभरच राहिले, तर आपल्याच हाताने आपण ओपाला चोर ठरवणार होतो. अमाकींच्या साक्षीने आणि त्यांच्याच काट्यावर.

बुधवारी भट्टी पेटली. गुरुवारी ती निवत राहिली आणि पोरं तिच्या भोवती घिरट्या घालत राहिली. ओयदीन घरीच होती. ती भांडी आवरायची, कपडे धुवायची, जर्दाळूच्या गळून पडलेल्या पाकळ्या झाडून काढायची आणि पुन्हा पडल्या की पुन्हा झाडायची. पोरांनी तिला काही सांगितलं नव्हतं. खोटी आशा लावायला नको, असं मुनिसा म्हणाली होती. बातमी पोटात ठेवायचा तो तिच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता आणि तिला त्याने अक्षरशः ताप आला.

शुक्रवारी सकाळी भट्टी उघडायच्या वेळेला मोमिन उस्ता स्वतः आले. अमाकींनीच त्यांना बोलावलं होतं, काट्याची शान दाखवायला. सेवाराने ओपाला हात धरून आणलं होतं. ती दाराबाहेरच थांबली, उंबरा ओलांडेना. उस्तांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

अमाकींनी दोन्ही भांडी काढली, बुडाच्या खुणा दाखवल्या. उघड्या वाडग्यातली तार काळी कुळकुळीत झाली होती. आधी ठरल्याप्रमाणे त्यांनी ती कण न् कण काट्यावर ओतली.

एकशे एकवीस.

अमाकींनी काटा पुसला आणि पुन्हा तोललं. एकशे एकवीस. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"अमाकी," एल्दोर म्हणाला, "हे एकवीस ग्रॅम तुम्ही कुठून आणून मिसळलेत?"

अमाकींनी रिकामा वाडगा उलटा करून बघितला. तार त्यांनीच तोलली होती. ठेवली त्यांनी, काढली त्यांनी, आणि सावलीसुद्धा कोणाची पडू दिली नव्हती. उस्तांच्या मिशा किंचित हलल्या, पण ते हसले नाहीत.

"ती कुलडी फोडा," त्यांनी सांगितलं.

कुलडीच्या लिंपणाला एका जागी बारीक चीर गेली होती. आतलं तांबं मात्र बहुतेक लालच राहिलं होतं, फक्त चिरेजवळ थोडंसं काळवंडलं होतं. तोललं. एकशे एक.

"एकच भट्टी आणि एकच तार," उस्ता हळूहळू म्हणाले. "जे उघडं होतं ते वाढलं. झाकलेलं फारसं वाढलं नाही." त्यांनी सेवाराकडे वळून विचारलं, "आग घेते, पोरी. पन्नास वर्षं मी हेच बघतोय. ती द्यायला कधी लागली?"

"आग नाही देत, बोबो. हवा देते," सेवारा म्हणाली. "अमाकी, कपाट उघडता?"

बरणी बाहेर आली. आतल्या घासण्या तांबड्या लाल झाल्या होत्या आणि पत्र्याचं झाकण मधोमध आत दबलं होतं. अमाकींची सही जागेवर होती. काट्यावर ठेवली. एक हजार तीनशे शेहेचाळीस पूर्णांक दोन. तीन दिवसांत आत एवढा गंज चढला, तरी एका ग्रॅमच्या दहाव्या भागाचाही फरक नव्हता.

"बघा, आत गंज वाढला," सेवारा म्हणाली, "आणि बरणीचं वजन तेवढंच राहिलं. कारण लोखंडाने घेतलं ते बरणीतल्याच हवेतून घेतलं. बाहेरून काही आलं नाही, आतलं काही गेलं नाही. आता आतली हवा कमी झालीय. मी झाकणाला भोक पाडते. बाहेरची हवा आत शिरेल. तुम्ही फक्त आकड्याकडे बघा."

तिने भोक पाडायचा दाभण उचलला. उस्तांनी तो तिच्याकडून घेतला. बरणी काट्यावरच होती. त्यांनी दाभण झाकणावर टेकवला आणि तळव्याने एक ठोका दिला.

फुस्स! असा आवाज झाला. बरणीने श्वास घ्यावा तसा. उस्तांनी दाभण बाजूला घेतला. आकडा क्षणभर नाचला आणि स्थिरावला. एक हजार तीनशे शेहेचाळीस पूर्णांक नऊ.

मुनिसाने टाळ्याच पिटल्या. अमाकी वाकून इतके जवळून बघत होते, की त्यांचं नाक काट्याला लागलं असतं तर आकडा बदलला असता.

"हवेचं वजन," उस्ता म्हणाले. त्यांनी त्या बारीक भोकावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग त्यांनी विचारलं ते मात्र सेवाराला अपेक्षित नव्हतं. "मग कच्च्या वाडग्याचं जे जातं ते कुठे जातं?"

"तेही हवेतच," ती म्हणाली. "मातीतलं पाणी वाफ होऊन जातं. ते संपत नाही, बोबो. भट्टी, वाडगा, वाफ आणि हवा, सगळं एका बरणीत कोंडून तोलता आलं असतं, तर आधी जेवढं होतं तेवढंच नंतर भरलं असतं."

उस्ता भट्टीकडे बघत खाली बसले. आपण ज्याला आगीचा हक्क म्हणत आलो तो आग घेतच नव्हती, हे पन्नास वर्षं भट्टी लावलेल्या माणसाच्या गळी उतरायला जेवढा वेळ लागावा, तेवढा लागला. मग ते उठले आणि दाराकडे गेले. ओयदीन अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती.

त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला. आपल्या शिष्येसमोर. "मुली, मी तोलून पाहिलं, पण विचारून पाहिलं नाही. तू मला माफ कर."

ओयदीनने मान हलवली, मग तोंड ओंजळीत झाकलं आणि पाच दिवस आवरून धरलेलं रडू तिने तिथेच मोकळं केलं. सेवाराही रडत होती. एल्दोर डोळ्यांत भुकटी गेल्याचं सांगत होता. कोदिर अमाकी पुढे आले आणि म्हणाले, की खरं तर चूक काट्याची नव्हतीच. सगळे एकदम हसले, तेव्हा त्यांना आपण काय बोललो ते कळलं. मग त्यांनीही छातीवर हात ठेवला आणि चूक माझीच, असं स्पष्ट म्हटलं. तो दिवस सगळ्यांनाच इतका हलका वाटला, की त्यांना शिक्षा करायची आठवण कोणालाच राहिली नाही.

रविवारी मोमिन उस्तांच्या अंगणात सतरंज्या पडल्या. गावातले म्हातारे कारागीर ओळीने बसले, समोर रोट्या आणि गरम चहा आला. उस्तांनी ओयदीनच्या कमरेला पट्टा बांधला, गाठ ओढून बघितली, आणि आशीर्वादासाठी सगळ्यांचे हात वर झाले. मग त्यांनी तिन्ही पोरांना पुढे बोलावलं. म्हाताऱ्यांना त्यांनी बरणीची सगळी हकीगत सांगितली, स्वतःची चूक न वगळता. एका पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी सेवाराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की आम्ही आयुष्यभर भट्टीत बघत राहिलो, या पोरांनी भट्टीबाहेर बघितलं. बुवी मागच्या ओळीतून मोठ्याने म्हणाली, "बरणी माझी होती!" तिचंही कौतुक झालं.

दुपारी भाताची पंगत उठल्यावर दोघी बहिणी नळावर किटल्या विसळत होत्या. ओयदीनचा पट्टा ओला होऊ नये म्हणून तिने तो वर खोचला होता आणि मधूनच हात लावून बघत होती.

"ओपा, तुम्हाला एक सांगायचंय," सेवारा म्हणाली. तिने किटली खाली ठेवली. "सोमवारी संध्याकाळी मलाही वाटलं होतं. की तुम्हीच काहीतरी घातलं असेल. पुस्तक वाचून तसं वाटलं."

"माहीत आहे," ओयदीन म्हणाली.

"कसं?"

"चहा ठेवलास आणि पळालीस. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला वास कसला येतोय ते विचारलं नाहीस."

सेवाराने खाली ठेवलेली किटली उगाच पुन्हा उचलली. "मग तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले ना. खूप." ओयदीनने तिच्या हातात पुढची किटली दिली. "पण बोबोंना वाटलं आणि ते तिथेच थांबले. तुलाही वाटलं, पण तू थांबली नाहीस. चल, हात चालव, अजून अकरा किटल्या आहेत."

सेवाराने बाहीने डोळे पुसले आणि किटली घासायला घेतली.